धारेची किंमत

जपानमधल्या कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात दोन-तीन हजार येनला चांगली करवत मिळते. अलीकडचा येनचा भाव ५५ ते ६० पैसे धरला, तर हे अकराशे ते अठराशे रुपये झाले. पातं कारखान्यातलं, दातांची टोकं विजेच्या साहाय्याने क्षणभर तापवून कमालीची कडक केलेली. इतकी कडक, की त्यांच्यावर कानस चालत नाही. दात बोथट झाले की पातं काढून टाकायचं आणि त्याच मुठीत नवं बसवायचं. १९८०च्या दशकापासून या करवती पसरल्या आणि जपानी सुताराच्या पेटीतून लोहाराच्या हातची करवत जवळजवळ नाहीशी झाली.

तिच्याबरोबर एक अख्खा व्यवसाय गेला. जपानी करवत ओढताना कापते, ढकलताना नाही. ओढताना पातं ताणलेलं राहतं, वाकत नाही, म्हणून ते अगदी पातळ ठेवता येतं. बारीक सांधे कापण्याच्या ‘दोझुकी’ करवतीचं पातं जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचं असतं. लाकूड आडवं कापणाऱ्या करवतीच्या प्रत्येक दाताला तीन पैलू पाडावे लागतात. ते कानसेने पाडणं आणि पात्यातला ताण हातोडीने ठोकून सारखा करणं हे एकट्या सुताराच्या आवाक्यातलं काम नव्हतं. त्यासाठी धार लावणारे वेगळे कारागीर असत. धार लावण्याची मजुरी नव्या पात्याच्या किमतीपुढे गेली आणि हातच्या करवतीचा निकाल लागला. सुताराला यात दोष देता येणार नाही. कारखान्यातलं पातं खरोखर छान कापतं.

मग रंधा आणि पटाशी ही दोन हत्यारं अजूनही लोहाराकडून का घेतली जातात? आणि तीही अशा किमतींना? जपानी रंध्याला ‘कान्ना’ म्हणतात. साधा कान्ना दहा ते वीस हजार येनला मिळतो. नाव असलेल्या लोहाराचं पातं हवं असेल, तर पन्नास हजारांपासून दीड लाख येनपर्यंत आणि त्याहूनही वर जावं लागतं. म्हणजे आपल्याकडच्या ऐंशी-नव्वद हजार रुपयांपर्यंत, एका रंध्यासाठी. पटाशी म्हणजे ‘नोमी’. कारखान्यातली तीन-चार हजार येनची, हाताने घडवलेली दहा-पंधरा हजारांची, आणि सुताराला दहा वेगवेगळ्या रुंदीच्या पटाश्या लागतात. करवतीच्या बाबतीत जो हिशेब सरळ होता, तो इथे लागू पडत नाही. रंध्याला आणि पटाशीला धार लावणारा दुसरा कुणी नसतो. वापरणाराच रोज, कधी दिवसातून चार वेळा, पाण्याच्या दगडावर ती लावतो. फेकून देण्याजोगी धार आणि पुन्हा पुन्हा जागवता येणारी धार यांत इथे निवड करावी लागते. आणि जपानच्या लाकडाने दुसरीच्या बाजूने कौल दिला आहे.

ते लाकूड मुख्यतः हिनोकी आणि सुगी. दोन्ही सूचिपर्णी झाडं, दोन्हींचं लाकूड मऊ. मऊ लाकूड कापायला सोपं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बोथट धारेखाली मऊ लाकूड दबतं, चिरडतं, त्याचे तंतू तुटण्याऐवजी उपटून निघतात. ते स्वच्छ कापायला धार फार बारीक आणि फार टिकाऊ लागते. त्यात भर म्हणजे जपानी देवळांत आणि जुन्या घरांत खांब, तुळया, पट्ट्या बहुधा उघड्याच ठेवतात. वर रंग नाही, वॉर्निश नाही. रंध्याचा शेवटचा हात हाच त्या लाकडावरचा शेवटचा हात. पॉलिशपेपरने घासलेल्या लाकडावर सूक्ष्म लव उठलेली असते, ती पाणी धरते. धारदार रंध्याने लाकडाच्या पेशी नीट कापल्या जातात. पृष्ठभागाला आपोआप चकाकी येते आणि त्यावर पडलेलं पाणी थेंबाथेंबाने ओघळून जातं. जपानी रंध्याची कीर्ती या एका गरजेतून आलेली आहे. तिला अध्यात्माचा मुलामा द्यायची मला गरज वाटत नाही.

लाकडी चौकटीत पातं बसवलेला रंधा जपानमध्ये पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास रुजला. त्याआधी लांब दांड्याला भाल्याच्या टोकासारखं पातं लावलेलं ‘यारिगान्ना’ हे हत्यार होतं. ते पुढे वापरातून गेलं. नारा प्रांतातल्या होर्युजी या मंदिराचे मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझु (१९०८–१९९५) यांनी जुन्या लाकडावरच्या खुणा अभ्यासून ते लोहाराकडून पुन्हा घडवून घेतलं. याकुशिजी मंदिराच्या पुनर्बांधणीत त्यांनी ते वापरलं. तिथला पश्चिमेचा मनोरा १९८१ साली पुरा झाला. होर्युजीची काही लाकडं तेराशे वर्षांहून जुनी आहेत. त्या इमारतींची डागडुजी करणाऱ्याला आधी हत्यार जिवंत करावं लागलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इमारत जपायची तर तिच्यामागची हत्यारंही जपावी लागतात.

आता पात्याकडे येऊ, कारण किमतीचा मोठा भाग तिथेच आहे.

कान्नाचं किंवा नोमीचं पातं एकसंध पोलादाचं नसतं. धारेच्या बाजूला कडक पोलादाचा पातळ थर असतो, त्याला ‘हागाने’ म्हणतात. बाकीचं सगळं अंग मऊ लोखंडाचं, ‘जिगाने’. धारेचं पोलाद रॉकवेल मापावर ६३ ते ६५ इतकं कडक ठेवतात. पाश्चात्त्य कारखान्यांतल्या पटाश्या साधारण ५८ ते ६१ असतात. चार-पाच अंकांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. दगडावर आणि लाकडावर तो लगेच कळतो. पण इतकं कडक पोलाद ठिसूळ असतं. सगळं पातं त्याचंच केलं, तर हातोडीच्या एका आडव्या घावाने ते तुटेल, आणि धार लावायला अर्धा दिवस जाईल. मागचं मऊ लोखंड धक्का पचवतं आणि दगडावर भराभर झिजतं. त्यामुळे पात्याचा अख्खा तिरपा पैलू दगडावर सपाट टेकवून धार लावता येते. कोन धरून ठेवायला कुठलंही साधन लागत नाही, कारण तो रुंद पैलूच हाताला कोन दाखवतो.

हे मऊ लोखंड कुठून येतं, ही कथा मला पोलादाच्या कथेहून जास्त विलक्षण वाटते. उत्तम जिगाने म्हणजे जुनं घडीव लोखंड. त्यात कार्बन नगण्य असतो आणि मळीचे बारीक धागे असतात. एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या नांगरांच्या साखळ्या, पूल, बॉयलर याच लोखंडाचे बनत. स्वस्त पोलाद आल्यावर ते बनवणं थांबत गेलं. इंग्लंडमध्ये बोल्टन गावचा शेवटचा व्यापारी कारखाना १९७३ साली बंद पडला. जपानी लोहार त्या काळच्या साखळ्यांचे आणि पुलांचे तुकडे जपून ठेवतात. एकदा संपले की संपले. आज अनेक लोहार त्याऐवजी कमी कार्बनचं आधुनिक लोखंड वापरतात आणि त्याची हत्यारंही चांगली होतात. मात्र जुन्या लोखंडावर दगड ज्या सहजतेने चालतो, ती सर नव्याला नाही. जुन्या साखळीतून घडवलेल्या पात्याचे जादा पैसे घेतले जातात, त्यात ही दुर्मिळता असते.

धारेचं पोलाद बहुतेक वेळा शिमाने प्रांतातल्या यासुगी गावचं असतं. हिताची मेटल्स ही कंपनी ते बनवत असे. २०२३ पासून तिचं नाव प्रोटेरिअल आहे. त्यातल्या दोन जाती सुतारांच्या तोंडी असतात. ‘शिरोगामी’ म्हणजे पांढऱ्या कागदाचं पोलाद आणि ‘आओगामी’ म्हणजे निळ्या कागदाचं. ही नावं त्यांवर लावल्या जाणाऱ्या कागदाच्या रंगावरून पडली. पांढरं म्हणजे अतिशय शुद्ध कार्बन पोलाद, गंधक आणि फॉस्फरस नाममात्र. त्याला दगडावर फार बारीक धार चढते. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेलं असतं. ते दगडावर थोडं हट्टी, पण जास्त वेळ टिकणारं.

इथे एक भाबडी समजूत दूर केलेली बरी. तलवारींचं ते प्रसिद्ध ‘तामाहागाने’ पोलाद सुतारी हत्यारांत सहसा नसतं. ते शिमानेमधल्याच ओकुइझुमो इथे मातीच्या भट्टीत बनतं. तीन दिवस-रात्र भट्टी पेटती ठेवून सुमारे दहा टन लोहवाळू आणि बारा टन कोळसा तिच्यात घालतात, तेव्हा अडीच टनांचा एक गोळा हाती येतो, आणि त्यातलाही काही भागच उत्तम प्रतीचा असतो. जपानी कलात्मक तलवारींच्या जतनाचं काम करणारी संस्था १९७७ पासून ही भट्टी चालवते आणि माल मुख्यतः तलवारी घडवणाऱ्यांना जातो. सामुराईचं पोलाद म्हणून कुणी पटाशी विकत असेल, तर सावध राहावं. यासुगीचं पांढरं पोलाद सुताराच्या कामाला तसूभरही कमी नाही.

लोहाराची खरी परीक्षा उष्णतेत असते. लाल लोखंडावर टाकणखाराची पूड टाकून पोलादाची पट्टी ठेवायची आणि घाव घालून दोन्ही एकजीव करायचे. भट्टी जास्त तापली तर पोलादातला कार्बन जळतो आणि कण मोठे होतात. कमी तापली तर जोड कच्चा राहतो. म्हणून चांगला लोहार जमेल तितक्या कमी उष्णतेत जोड साधतो. मग पातं राखेत पुरून सावकाश निवू द्यायचं, त्याला आकार द्यायचा, मातीचा पातळ लेप लावायचा आणि पुन्हा तापवून पाण्यात बुडवायचं. पोलादाला पाणी पाजण्याच्या या क्षणी भट्टीची खोली अंधारी करतात, कारण सातशे ऐंशी अंशांच्या आसपासचा रंग उजेडात नीट दिसत नाही. पांढऱ्या पोलादाला तर योग्य तापमानाचा पट्टा फारच अरुंद असतो. थोडं चुकलं की पातं मऊ राहतं किंवा तडकतं, आणि तोवरची सगळी मेहनत भंगारात जाते. भंगारात गेलेल्या पात्यांची किंमत विकल्या गेलेल्या पात्यांवरच बसते.

पात्याच्या पाठीला मधोमध एक उथळ खोलगट भाग असतो, त्याला ‘उरा’ म्हणतात. कडक पोलादाची अख्खी पाठ दगडावर सपाट करणं जिकिरीचं असतं. खोलगटामुळे फक्त कडा घासाव्या लागतात. पण धार लावता लावता पातं आखूड होतं आणि रंध्याच्या पात्यात एक दिवस हा खोलगट थेट धारेला येऊन भिडतो. मग सुतार ऐरणीच्या कडेवर पातं धरून मागच्या मऊ लोखंडावर लहान हातोडीने टकटक करत राहतो, म्हणजे पोलाद केसभर पुढे फुगतं आणि पाठ पुन्हा घासता येते. घाव चुकून पोलादावर बसला, तर धारेचा तुकडाच निघतो. शिकाऊ माणसाचे हात इथे थरथरतात, आणि थरथरायलाच हवेत, कारण समोर असतं ते पन्नास हजार येनचं पातं.

यातून दुसरी गोष्ट निघते, जी परदेशी गिऱ्हाइकाला बऱ्याचदा पैसे दिल्यावर कळते. ही हत्यारं अर्धवट स्थितीत विकली जातात. नव्या पटाशीच्या दांड्याचं लोखंडी कडं सैल असतं. ते काढून, आतून कानसून, पुन्हा बसवून, वरचं लाकूड ठोकून त्यावर वळवावं लागतं. रंध्याची चौकट ओक लाकडाची. तिच्यात पातं घट्ट असतं. कुठे घासतंय ते शाई लावून बघत लाकूड कणाकणाने काढावं लागतं. चौकटीचा तळही अख्खा सपाट ठेवत नाहीत, ठरावीक जागीच तो लाकडाला टेकतो. हवा बदलली की चौकट हलते, म्हणजे पावसाळ्यात बसवलेला रंधा हिवाळ्यात पुन्हा पाहावा लागतो. इतके पैसे मोजून वर हे काम! तरीही मला ही रीत योग्य वाटते. हत्याराचा शेवटचा भाग वापरणाऱ्याच्या हाताला, लाकडाला आणि हवेला जुळवायचा असतो, तो लोहाराला परस्पर करून देता येत नाही. या हत्यारांची ओढ लागलेल्या माणसांशी बोलल्यावर जाणवतं, की त्यांना बांधून ठेवलं आहे ते या कामानेच. ज्याचं कडं आपण बसवलं, ज्याची पाठ आपण घासली, ते हत्यार पेटीत आपलं म्हणून राहतं.

किमतीला इतिहासही आहे. १८७६ साली मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तलवारी घडवणाऱ्या घराण्यांची रोजीरोटी एकाएकी तुटली. काही जण सुतारी हत्यारांकडे वळले. त्यातूनच आलेलं सर्वांत मोठं नाव म्हणजे तोक्योचे चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७). आजोबा शोगुनच्या काळातले नामांकित तलवार-लोहार. नातवाने आयुष्य रंध्यांची पाती, पटाश्या आणि छोट्या सुऱ्या घडवण्यात घालवलं. आकाराची त्यांची जाण इतकी होती, की शिल्पकारही त्यांच्याकडून हत्यारं करून घेत. लौकिक मोठा, पण संसार ओढगस्तीचा राहिला. हातून उत्तम उतरेल तेवढंच करायचं, हा त्यांचा बाणा होता. आज त्यांच्या एका पात्याला संग्राहक लाखो येन मोजतात. ते पैसे घडवणाऱ्याला मिळाले नाहीत, आणि असं पातं कपाटात ठेवणारा संग्राहक त्याने लाकूडही कापत नाही. संग्राहकांच्या बाजाराला मी हत्याराची किंमत म्हणणार नाही.

हत्याराची किंमत बघायची तर ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात किंवा निइगाता प्रांतातल्या सान्जो आणि योइता इथे बघावी. मिकीचा किल्ला १५७८ ते १५८० या काळात सेनापती तोयोतोमी हिदेयोशीने वेढून पाडला. बेचिराख गाव उभारायला सुतार आले, सुतारांपाठोपाठ लोहार आले आणि ते तिथेच राहिले. सान्जोत पुराने नाडलेल्या शेतकऱ्यांनी सतराव्या शतकात जोडधंदा म्हणून खिळे घडवायला सुरुवात केली. मिकीजवळच्या कोबे शहरात ताकेनाका सुतारी हत्यार संग्रहालय आहे, १९८४ साली स्थापन झालेलं. १९४०च्या दशकातल्या तोक्योमधल्या एका पाहणीत चांगल्या सुताराच्या संचात १७९ हत्यारं मोजली गेली होती. तो संच तिथे मांडलेला पाहता येतो.

आज त्या १७९ हत्यारांचं गिऱ्हाईकच आटलं आहे. १९८० साली जपानमध्ये सुतारांची संख्या नऊ लाखांवर होती. २०२०च्या जनगणनेत ती तीन लाखांच्या आसपास आली. लाकडी घरांचे सांधे आता बहुतांशी कारखान्यात यंत्राने कापून येतात, जागेवर फक्त जोडले जातात. सुतार कमी झाले की लोहार कमी होतात, हे उघड आहे. पण लोहाराच्या मागे आणखी माणसं असतात. रंध्याची चौकट घडवणारा वेगळा, आणि तो ओकच्या फळ्या वर्षानुवर्षं सुकवत ठेवणारा. पटाशीचे दांडे करणारा वेगळा. धारेचे नैसर्गिक दगड क्योतोजवळच्या डोंगरांतल्या खाणींमधून येत. त्यांतल्या बहुतेक खाणी बंद झाल्या आणि चांगल्या जुन्या दगडाची किंमत आता रंध्याहून जास्त असू शकते. या साखळीतला एक माणूस वारस न ठेवता गेला, की उरलेल्या सगळ्यांचं काम अवघड होतं. दहा हजार येनच्या पटाशीत इतक्या जणांचे दिवस असतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की राबत्या लोहाराची पटाशी महाग नाही. ती स्वस्त विकली जात आली, म्हणूनच लोहारांच्या मुलांनी दुसरे व्यवसाय धरले.

गेल्या काही दशकांत या लोहारांना आधार मिळाला तो बराचसा परदेशातून. जपानमध्ये सरकती दारं-खिडक्या करण्याचं काम शिकलेले तोशिओ ओदाते १९५८ साली अमेरिकेत गेले आणि १९८४ साली त्यांनी जपानी हत्यारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. हौशी लाकूडकाम करणाऱ्यांची एक पिढी त्यावर वाढली. त्याही आधीचा एक दुवा भारतातून जातो. जॉर्ज नाकाशिमा हे अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे वास्तुकार १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात ‘गोलकोंद’ या इमारतीच्या कामावर होते. पुढे महायुद्धात अमेरिकेने त्यांना जपानी म्हणून छावणीत डांबलं आणि तिथे गेंतारो हिकोगावा या सुताराकडून त्यांनी जपानी हत्यारं आणि सांधे शिकून घेतले. विसाव्या शतकातलं अमेरिकेचं काही उत्तम फर्निचर या छावणीतल्या शिकवणीचं देणं लागतं.

मराठी वाचकाला यातलं काही विकत घ्यावंसं वाटलं, तर आधी आपलं लाकूड पाहावं. सागात सिलिका असते आणि ती कुठल्याही धारेला खाते. हिनोकीसाठी घासलेली निमुळती धार साग-शिसवावर लावली की कडेचे कण उडतात. तेव्हा आपल्याकडच्या कामाला निळ्या कागदाचं पोलाद घ्यावं आणि धारेचा कोन थोडा जाड, तीस-पस्तीस अंशांच्या आसपास ठेवावा. करवत कारखान्यातलीच घ्यावी, बदलत्या पात्याची. दहाचा संच घेऊ नये, पात्यावरच्या लाटांच्या नक्षीला आणि सहीच्या लाकडी पेटीला पैसे देऊ नयेत. राबत्या लोहाराची चोवीस मिलिमीटरची एकच पटाशी घ्यावी आणि तिच्याइतकेच पैसे एक हजार आणि सहा हजार ग्रिटच्या पाण्याच्या दगडांवर खर्च करावेत. कडं स्वतः बसवावं, पाठ स्वतः घासावी. रंधा त्यानंतर, धार हाताला बसल्यावर.